हॅमचा पहारा

ख्वाजामियाँच्या डेपोत बर्फाची एकच लादी उरली होती, आणि तिच्यावर एका उंच, पांढऱ्या मिशांच्या माणसाचा हात होता.

"ही माझी आहे," मी म्हणाले.

"तुमची कशी? हात तर माझा हाय."

"मी सकाळी सांगून गेले होते. विचारा ख्वाजामियाँना."

ख्वाजामियाँ हाताला लागलेला भुसा झटकत हसले. "सांगून गेल्ता सिस्टर, बराबर. पन थंडीत बर्फ सांगून जानारे लोक येत न्हाईत. मला वाटलं तुम्ही बी न्हाई येनार."

तो माणूस उजवा पाय जरासा उचलून उभा होता. गुडघा सुजलेला आहे, हे पायजम्यावरूनही कळत होतं. माझा सगळा जन्म वॉर्डात गेलेला. माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या दुखण्यावर जाते.

"गुडघ्याला हवाय ना? त्याला रुमालात मावेल एवढा पुरतो. बाकीच्या लादीवर काय झोपणार आहात?"

"अन् तुम्हाला कशाला पाहिजे एवढी? लस्सीचा गाडा टाकून राह्यल्या का?"

"हॅम गार करायचाय."

"काय गार करायचाय?"

"हॅम. डुकराची तंगडी. शिजवलेली."

मग लादीवरून त्यानं हात काढला... आणि रुमाल पुढं केला. "द्या मंग एवढ्यात मावंल तेवढा. सगळी तुमची. पन ती तंगडी मला एकदा दाखवायची."

ही गेल्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दोन-चार दिवसांतली गोष्ट. पासष्टी उलटलेल्या बाईनं घरी जाताना रिक्षात बर्फ मांडीशी धरून हसत बसावं, याला काय म्हणायचं? मी त्याला गारठा म्हटलं.

हॅमचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे आजोबा जालन्याच्या मिशनात डॉक्टरसाहेबांचे खानसामा होते. साहेब लोक गेले, मडमांचे बंगले गेले, आजोबांच्या हातचा हॅम मात्र आमच्या घरात राहिला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्या घरांत नाताळला बोकडाचं मटण, करंज्या, शंकरपाळे. आमच्याकडे ते सगळं, आणि शिवाय हॅम. आजोबांनंतर तो वडिलांनी केला, वडिलांनंतर मी. खारवलेली तंगडी औरंगाबादेहून येते — आता संभाजीनगर म्हणायचं, पण जीभ जुनी आहे. ती रात्रभर पाण्यात ठेवायची, मग मिरी, लवंग, तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवायची. एवढं कुणालाही येतं. खरं काम आच बंद केल्यावर सुरू होतं.

शिजलेल्या हॅमला लगेच सुरी लावायची नाही. रस वाहून जातो, मांस चोथा होतं. आधी त्याला त्याच्याच पाण्यात जरा विसावू द्यायचं, मग जाळीवर निथळू द्यायचं, मग मलमलीत गुंडाळून बर्फाच्या पेटीत. खाली बर्फ, वर बर्फ, कडेनं बर्फ. आतला हाडाजवळचा भाग गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. मगच तो माझ्या छोट्या फ्रिजमध्ये जातो, आणि नाताळच्या दिवशी गारच कापला जातो. आजोबांच्या काळी डिसेंबरात असं कडक थंड असायचं की ते हॅम ओल्या फडक्यात गुंडाळून व्हरांड्यात टांगायचे. आता त्या थंडीचा भरवसा राहिला नाही.

त्या नाताळच्या उपासनेला पुरुषांच्या बाकावर मला त्याच पांढऱ्या मिशा दिसल्या. भारतराव आढाव. मूळ टेंभुर्णीकडचे, सारी नोकरी अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून, बायको वारल्यावर नुकतेच जालन्यात राहायला आलेले. उपासना संपल्यावर लंगडत माझ्याजवळ आले. "सलाम, सिस्टर. तंगडी कुठं हाय?"

मी बशीत एक पातळ काप दिला. त्यांनी तो तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काय झालं?"

"काही न्हाई. साखर बी अशीच असती. रसाला घाई केली की दाना बिघडतो... हळू गार केला की हिऱ्यावानी. आमच्या टेंभुर्णीत हे सायबी खानं न्हवतं. पन ज्यानं हे केलं त्याला धीर हाय."

धीर! मला साधी चिठ्ठी पोचली की नाही म्हणून झोप येत नाही, आणि हा माणूस मला धीराची बाई म्हणत होता.

मग ते रक्तदाब तपासायला यायला लागले. त्यांचा रक्तदाब कायम उत्तम असायचा. दोनदा-तीनदा मी तसं म्हटलंही.

"मंग काय, खराब झाल्यावरच यायचं का?"

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनतील, भारतराव तब्येतीला लई जपून राह्यले."

शेजारच्या गोजरबाईंना हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू जायचं. गोजरबाई माझ्याहून थोड्या लहान, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारख्या. दुसऱ्या दिवशी दारात हटकून विचारायच्या, "का वो सिस्टर, तुमच्या पेशंटचं बीपी काल लई हसत हुतं जनू?"

पावसाळा गेला. भारतराव गुळाची ढेप घेऊन आले, मी त्यांना गुडघ्याचे व्यायाम शिकवले. एकदा अंगणात पायऱ्या उतरताना त्यांनी हात पुढं केला... मी धरला... आणि सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. समोरच्या घरात कढईत फोडणी चरचरली तेव्हा भानावर आलो.

मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते चहा न पिताच बसून राहिले.

"तृप्तीला सांगितलं," ते म्हणाले.

तृप्ती त्यांची एकुलती मुलगी, नाशिकला शाळेत शिकवते.

"काय सांगितलं?"

"तुमचं... म्हंजी आपलं."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. "मग?"

"चिडली. वयावरून न्हाई वो. ती म्हनती, पप्पा, तुम्ही खोटं कधी बोलत न्हाईत, पन सांगत बी न्हाईत. अन् तिचं बराबर हाय." ते मिशीला हात लावत राहिले. "तिच्या आईला कॅन्सर हाय हे मी तिला सांगितलंच न्हवतं. बी.एड.ची परीक्षा हुती पोरीची. म्हटलं, होऊ दे, मंग सांगू... परीक्षा झाली तवर आई बोलायची बंद झाल्ती. तृप्ती आली, पन आईशी दोन शब्द बोलता आले न्हाईत तिला. ते ती इसरली न्हाई. म्हनती, अशा मानसानं परत कुनाचा हात धरावा का, ते मी येऊन बघते."

"कधी येणार?"

"नाताळला. तुमच्याकडं जेवायला. तिनं हो म्हनल्याबिगर मी तुम्हाला विचारनार न्हाई, सिस्टर. तेवढं मी तिचं देनं लागतो."

त्या दिवसापासून माझ्या मनात प्रश्नांची रांग लागली, ती नाताळपर्यंत थांबली नाही. काय नेसू? किती बोलू? कमी बोलले तर शिष्ट वाटेन, जास्त बोलले तर आगाऊ. आणि हॅम? तो नीट होईल ना? एवढ्या वर्षांत कधी बिघडला नव्हता, म्हणून तर भीती जास्त. देवाला प्रार्थना करताना मी म्हणायचे, प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे... पण हॅम चांगला होऊ दे.

नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे मी आच पेटवली. दुपारपर्यंत हॅम शिजला, विसावला, निथळला. त्याला मलमलीत नीट गुंडाळलं. थर्माकोलच्या मोठ्या पेटीत ख्वाजामियाँच्या बर्फात त्याला निजवलं आणि झाकण लावलं.

आता मला बाहेर जाणं भाग होतं. मागच्या गल्लीतल्या अकबरबीच्या पायाची जखम मी रोज धुते. साखरेचा आजार, जखम भरता भरत नव्हती. हॅमच्या दिवशी मी तिच्याकडे जाण्याआधी डोक्यावरून अंघोळ करते, धुतलेली साडी नेसते. ती कधी काही म्हणाली नाही, मी कधी चुकवलं नाही. तिथून पुढं चर्चमध्ये सजावट, गीतांची तालीम, संध्याकाळची उपासना. घरी परतायला अंधार पडणार होता.

भारतराव मदतीला आलेच होते. "मी बसतो ना. जावा तुम्ही."

"फक्त पहारा करायचा. झाकण उघडायचं नाही. दर वेळी उघडलं की ऊब आत जाते."

"बिलकुल न्हाई उघडत."

"मांजर येतं. खिडकी लावून घ्या. आणि..."

"सिस्टर, मी कारखान्यात एवढाले बॉयलर सांभाळले. एक तंगडी सांभाळता येत न्हाई का मला?"

भिंतीपलीकडून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या वो बाई त्यास्नी. पाहारेकरी चांगला पिकल्याला हाय, कुठं पळून न्हाई जानार."

मी गेले. अकबरबीची जखम त्या दिवशी पहिल्यांदा लाल, ताजी दिसली, भरायला लागलेली. मला तो शकुन वाटला. चर्चमध्ये शिडीवर चढून चांदणी टांगताना, मुलींना सूर देताना, माझं अर्धं मन त्या पेटीपाशी होतं. उपासनेत भारतरावांची जागा रिकामी होती. पहारा सोडला नाही, मला वाटलं, आणि छातीत ऊब भरली.

घरी आले तर दारातच गोजरबाई. "सिस्टर, नळ आल्ता! चांगला धो धो! तुमच्या पाहारेकऱ्यानं समदं भरलं वो. माझ्या बी घागरी उचलून दिल्या बिचाऱ्यानं."

आमच्या गल्लीत नळ येणं म्हणजे काय, हे जालन्याच्या माणसालाच कळेल. आठवडा उलटून जातो आणि मग अवेळी पाईपात हवा फुसफुसते. कुणीतरी ओरडतं, आणि जो जिथं असेल तिथून धावतो. जेवण ताटात राहतं, फोन चालू राहतो. घागर, कळशी, बादली, टप, कुकर, डबे... रिकामं भांडं दिसलं की जीव खालीवर होतो. भारतराव कारखान्याच्या वसाहतीत चोवीस तास वाहत्या पाण्यात राहिलेले. म्हणूनच की काय, इथं आल्यापासून त्यांना पाण्याची दहशत आमच्याहून जास्त बसली होती.

आत पाहिलं तर घरभर पाणी. परात भरलेली, ताक घुसळायचा डेरा भरलेला, फुलदाणीसुद्धा भरलेली. मी हसायला लागले. "अहो, चमचे राहिले भरायचे!"

ते हसले नाहीत. सदरा छातीपर्यंत ओला, हात गार पडलेले.

"पेटी कशी आहे?"

"हाय... तिथंच हाय."

मी झाकण काढलं. बर्फ तर अजून टोकदार खडे होऊन चमकत होता! हॅमला हात लावला — थंडगार. "बघा, अजून केवढा बर्फ उरलाय. औंदा थंडी चांगली पडली." मी तो उचलून फ्रिजमध्ये ठेवला आणि मोठा सुस्कारा सोडला. भारतराव दारात उभे होते. काहीतरी बोलणार होते... मग म्हणाले, "गुडघा दुखून राह्यला. येतो मी." आणि गेले.

मला वाटलं, उद्याची धास्ती. धास्ती तर मलाही होती.

नाताळच्या दिवशी तृप्ती आली. बापासारखी उंच, सरळ नजरेची, अबोली रंगाची साडी. "नमस्कार मॅडम," म्हणाली. मॅडम! मी "ये, बाळा" म्हणणार होते, ते ओठावरच राहिलं. गोजरबाई करंज्या खायच्या निमित्तानं आल्या होत्या. बघायला काय, त्या ऐकायलाच आल्या होत्या.

टेबलावर मी हॅम आणून ठेवला. वरून गुळाच्या पाकाचा पातळ थर, लवंगा टोचलेल्या. शेजारी झाकणाचे डबे मांडून ठेवले होते. मंडळीतली जी म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत, त्यांच्या घरी दरवर्षी दोन-दोन काप जातात. ती वाट बघतात.

तृप्तीनं हॅमकडे निरखून पाहिलं. "हा गारच खातात? गरम करत नाहीत?"

तिनं काही विचारलं याचाच मला केवढा आनंद झाला! मी बोलतच सुटले. विसावा, जाळी, मलमल, बर्फ, सगळं सांगितलं. "आणि मध्ये तो उबेत राहता कामा नये, बरं का. आमच्या वॉर्डात एकदा सगळं लग्नाचं वऱ्हाड आलं होतं. नवरीच्या हातची हळद उतरली नव्हती आणि सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. मांस शिजवून दुपारभर तसंच ठेवलेलं, मग बर्फात घालून गार केलं. वास नाही, चव बदललेली नाही. लोकांना वाटतं, पुन्हा थंड केलं की झालं. पण थंडीनं जंतू नुसते झोपतात गं. आणि त्यांनी एकदा विष सोडलं की ते उकळूनसुद्धा जात नाही. त्या वऱ्हाडातली नवऱ्याची आजी आम्हाला वाचवता आली नाही."

"बाप रे," तृप्ती म्हणाली.

"म्हणून तर पहारा." मी हसून भारतरावांकडे पाहिलं.

त्यांच्या चेहऱ्यावर रंगच नव्हता. असा चेहरा मी वॉर्डाच्या दाराबाहेर पाहिलेला आहे — आत काय झालं ते ज्यांना कळलेलं असतं, अशा माणसांचा.

"पप्पा, बरं वाटत नाही का?"

"न्हाई... बरा हाय."

मी सुरी उचलली. पहिला काप घरातल्या पाहुण्याला, ही आजोबांपासूनची रीत. तृप्तीनं ताट पुढं केलं. सुरीचं पातं सालीत रुतलं, गुळाचा थर करकन फुटला...

"थांबा."

सगळे थांबलो.

"सिस्टर, कापू नका." भारतराव उठून उभे राहिले होते, दोन्ही हात टेबलावर टेकून. "काल नळ आला. म्या समदी भांडी भरली. पेटी दिसली... एवढी मोठी पेटी. मला काय झालं काय म्हाईत. तंगडी बाहेर काढून चुलीजवळच्या डब्यावर ठेवली अन् बर्फ मोरीत टाकून पेटीत पानी भरलं. म्हटलं, नळ जाऊ दे, मंग बघू. मंग गोजरबाईच्या घागरी, मंग त्या कोपऱ्यावरच्या... अन् इसरलो. चांगली दुपारभर राह्यली ती तिथं. दिवे लागायच्या वक्ताला ध्यानात आलं. पेटीतलं पानी ओतलं, ख्वाजामियाँकडून पळत बर्फ आनला, पुन्हा तशीच ठेवली. मला वाटलं, गार झाली म्हंजी झाली. देवाशप्पथ तसंच वाटलं. आता तुम्ही बोलल्या तवा..."

गोजरबाईंची करंजी हातातच राहिली. मी त्या डब्यांकडे पाहिलं... झाकणं उघडी ठेवून मांडलेले, म्हाताऱ्यांचे. आणि तृप्तीच्या पुढं केलेल्या ताटाकडे. मी खुर्चीवर बसले आणि सुरी खाली ठेवली.

राग आला का? आला. खूप आला. वर्षाचं काम, आजोबांची रीत, आणि आजचा दिवस... सगळं त्या डब्यावर दुपारभर तापत पडलं होतं. पण रागाच्या आत आणखी काहीतरी हलत होतं. हा माणूस गप्प बसू शकला असता. कदाचित काही झालंही नसतं. झालं असतं तरी कुणाला कळलं नसतं. ज्या मुलीपुढं त्याला चांगलं दिसायचं होतं, नेमकं तिच्यापुढं, भरल्या टेबलावर, त्यानं तोंड उघडलं होतं.

मी तृप्तीकडे बघायला धजत नव्हते. आता ही उठेल, पर्स घेईल, आणि सगळं संपेल.

तृप्ती उठली. टेबलाला वळसा घालून बापाजवळ गेली. त्यांचे हात अजून टेबलावर टेकलेले होते, त्यांवर तिनं आपला हात ठेवला.

"सांगितलंत पप्पा," ती एवढंच म्हणाली. "वेळेवर सांगितलंत."

भारतरावांनी मान खाली घातली. एवढा उंच माणूस, मला त्या क्षणी शाळेतल्या पोरासारखा दिसला.

गोजरबाईंनी नाक पुसलं. "आता रडत काय बसले समदे? मी तर हे खात बी न्हाई. पन कुत्र्यास्नी घालता यील का न्हाई, एवढं सांगा."

"नाही," मी म्हणाले. "कुत्र्यांनाही नाही. पुरायचा."

"मग जेवायचं काय?" तृप्तीनं पदर खोचला. "तांदूळ कुठं आहेत मावशी? मी खिचडी टाकते. लोणचं असेलच. आणि त्या डब्यांत करंज्या भरून देऊ आजी-आजोबांना."

मावशी. मी तांदळाचा डबा दाखवताना उगाच दोनदा दाखवला.

मागच्या अंगणात पेरूच्या झाडापाशी भारतरावांनी कुदळ घेतली. मी हॅम परातीत घेऊन पायरीवर बसले. माती कडक होती. दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता ते खणत होते, सदऱ्याच्या पाठीला घाम आला होता. उन्हात गुळाचा पाक चमकत होता. एवढा देखणा हॅम माझ्या हातून आजवर झाला नसेल.

"एवढा बास का?"

"अजून खोल. कुत्री उकरतील."

ते खणत राहिले. थोड्या वेळानं कुदळीवर हात ठेवून थांबले. "रागावल्या हाव का?"

"हो."

"लई?"

"परात भरून."

"ती परात बी म्याच भरल्ती काल..."

मला हसू आवरेना. हसता हसता डोळे भरले. त्यांनी ते पाहिलं, कुदळ खाली टाकली, आणि खड्ड्यातच उभे राहून, गुडघ्यापर्यंत मातीत, माझ्याकडे बघत म्हणाले, "मी तृप्तीनं हो म्हनल्याबिगर विचारनार न्हाई, असं म्हनलो हुतो. तिनं हो म्हनलं का न्हाई, मला अजून कळलं न्हाई. पन..."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "म्हटलं, पप्पा! विचारा!"

मागोमाग गोजरबाईंचा, "जल्दी विचारा, खिचडी शिजत आली!"

भारतरावांचे कान लाल झाले. त्या वयात माणसाचे कान लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं. "ऐकलं न्हवं? मंग... काय म्हनता, सिस्टर?"

इतके दिवस भीती होती ती तृप्तीच्या नाही म्हणण्याची... आता मला स्वतःला हो म्हणायचीसुद्धा वाटत होती. एकटीचं घर, एकटीचा कप, रात्री दोनदा तपासलेली कडी... सगळ्याची सवय झालेली. हा माणूस त्यात येणार, दिसेल ते भांडं भरून ठेवणार, काहीतरी विसरणार. आणि विसरला की येऊन सांगणार.

"माझ्या काही अटी आहेत," मी म्हणाले.

"बोला."

"हार-तुरे नकोत. बँडबाजा नको. पाळकसाहेबांनी साधी प्रार्थना करायची."

"कबूल."

"घर मी सोडणार नाही. अकबरबीची जखम अजून भरायचीय."

"मीच येतो की. मला तेवढी फुलदानी रिकामी करून द्या."

"पुढच्या नाताळला हॅमच्या जवळ फिरकायचं नाही."

"पहारा बी न्हाई?"

"पहारा करा. पण मी इथं बसून तुमच्यावर पहारा करीन."

"अन् बाकी?"

"बाकी हो."

त्यांनी मातीनं भरलेला हात पुढं केला, मग लाजून मागं घेतला, सदऱ्याला पुसला, तर सदराही मळलेलाच. मी परात बाजूला ठेवली आणि तो हात तसाच धरला. खरबरीत, गरम, मातीचा.

"सिस्टर..." ते म्हणाले.

"सिस्टर सगळं गाव म्हणतं."

"मंग मी काय म्हनू?"

"माझं नाव एस्तेर आहे. आईवडील गेल्यावर त्या नावानं कुणी हाक मारली नाही."

त्यांनी आधी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ओठ हलताना दिसले मला. पेरूवर पाखरं कलकलत होती, आतून खिचडीचा वास येत होता, आणि खड्ड्यात उभा असलेला तो उंच माणूस एका शब्दासाठी केवढा धीर गोळा करत होता.

"एस्तेर," ते म्हणाले. फार हळू.

आणि मी, या वयाची बाई, "ओ" देताना लाजले.